दीड सूत

2023 च्या पावसाळ्यात अप्पांची गाडी किंचाळायला लागली, आणि ते अप्पांना सोडून सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1982 सालची, फिकट निळी. अप्पा ऐंशीच्या पुढचे. वय झालं की कान आधी वरचे सूर सोडतात. खालचे, भारदस्त आवाज बरेच दिवस राहतात. त्यामुळे इंजिनाची घरघर त्यांना नीट कळायची आणि ते समाधानानं म्हणायचे, ‘‘एकदम ठणठणीत आहे.’’ त्याच वेळी बॉनेटखालून अशी चीं उठायची की समोरच्या घरातला कुत्रा उठून आत जायचा. चामराजपेटेतले रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत जातात. 1892 मध्ये चामराजेंद्र वडेयर यांच्या नावानं ही पेठ आखली तेव्हाच त्यांना मेन आणि क्रॉस असे नंबर दिले गेले. अशा सरळ रस्त्यावर आवाजही सरळ जातो. कोपऱ्यावरच्या फुलवालीनं मला कन्नडमध्ये विचारलं, ‘‘तुमच्या वडिलांची गाडी रडते का हो?’’

रडत होता तो पट्टा. पद्मिनीच्या इंजिनापुढे एकच रबरी पट्टा असतो. खाली क्रँकशाफ्टची पुली, वर पाण्याच्या पंपाची आणि पंख्याची, बाजूला डायनमोची; या तिन्हींभोवती तो फिरतो. तो थांबला की बॅटरी भरत नाही, पाणी फिरत नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापतं. इतकं महत्त्वाचं काम, पण किंमत काहीशे रुपये. म्हणून आवाज आला की पहिला हात पट्ट्यालाच लागतो. आम्ही ज्या गॅरेजात गाडी न्यायचो तिथे दोन महिन्यांत दोनदा नवा पट्टा घातला गेला. दर वेळी चार दिवस शांतता, मग पुन्हा चीं. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टा इतका ताणला की पंधरवड्यात पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं.

माझ्या भावाचा धीर तिथे संपला. गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं होतं. जुन्या मोटारींचं हे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांचं 5,000 झालं होतं, आणि त्याआधी गाडी तपासणीत पास व्हायला हवी होती. ‘‘भंगारात देऊ,’’ भाऊ म्हणाला. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांना ऐकू आलं नसेल असं आम्ही धरून चाललो.

त्याच सुमाराला मुंबईची बातमी आली: 30 ऑक्टोबरपासून तिथल्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 2003 च्या ऑक्टोबरातली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या गाडीवर हळवे मजकूर छापले. अप्पांनी ते पान घडी घालून उशाशी ठेवलं. मला वाटलं, एकदा नीट दाखवून तरी आणू.

जे.सी. रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथे तिसरा पट्टा मागितला तेव्हा दुकानदारानं विचारलं, ‘‘याआधीचा कुठे झिजला होता?’’ मला सांगता येईना. त्यानं पट्टा विकायच्या आधी पत्ता दिला. मिस्त्री आमच्याच पेठेतले निघाले, चार रस्ते पलीकडे. साठीचे, दखनी बोलणारे. माझ्याशी दखनी, पोराशी कन्नड, आणि अप्पांचं मराठी कळत असल्यानं त्यांच्याशी दोन्हींच्या मधलं काहीतरी.

त्यांनी इंजिन चालू ठेवून बाटलीतलं थोडं पाणी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उडवलं. आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, झालं काम. ते बोट वर करून थांबले. काही सेकंदांत चीं परत आली. ‘‘पट्टा नै रोता अक्का,’’ ते म्हणाले, ‘‘पुली रुलाती.’’

पाण्याची ही परीक्षा साधी आहे. पट्टा सैल असला तर पाण्यानं तो आणखी घसरतो आणि आवाज वाढतो. पट्टा तिरका धावत असला तर पाणी त्याच्या कडेला घटकाभर वंगण देतं, आवाज थांबतो आणि ओल उडाली की परत येतो. पहिल्या दुखण्याला ताण देणं हे औषध. दुसऱ्याला ताण दिला तर आजार पट्ट्यावरून बेअरिंगवर जातो. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. काढलेला जुना पट्टा मी पिशवीत ठेवला होता. त्याची एक बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती, दुसरी जवळपास कोरी.

मग मिस्त्रींनी खिशातून सुताचा गुंडा काढला. इंजिन बंद. एक टोक त्यांनी क्रँकच्या पुलीपाशी धरलं आणि दुसरं अप्पांच्या हातात दिलं. ‘‘चाचा, ये सिरा पकडो.’’ दोन्ही पुल्या एका पातळीत असतील तर ताणलेला दोरा दोन्हींच्या चारही कडांना टेकतो. इथे तो वरच्या पुलीला एकाच ठिकाणी टेकत होता. मिस्त्रींनी तिथेच चूक धरली नाही. पुल्यांची जाडी वेगवेगळी असू शकते, म्हणून कड नव्हे तर खोबणीचा मध्य मोजायचा असतो. तो मोजून ते म्हणाले, ‘‘डेढ़ सूत बाहर.’’

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्याकडे सुतार, गवंडी, लोहार सगळे याच मापानं बोलतात. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. इंग्रजी हस्तपुस्तिका पट्ट्याला अर्ध्या अंशापर्यंतची चूक माफ करतात. फूटभर अंतरावर हे एक सूतसुद्धा भरत नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजनं डायनमो काढून नंतरच्या काळातल्या गाडीचा ऑल्टरनेटर बसवला होता. जुन्या ब्रॅकेटवर नवं यंत्र, मध्ये हाताला लागले तेवढे वॉशर. बोल्ट आवळला गेला, म्हणून काम झालं असं सगळ्यांनी मानलं.

मी भाषांतर करते. यंत्रांवरचा मजकूर आला की या गोष्टीसाठी मला ‘संरेखन’ असा शब्द लिहावा लागतो, आणि तो लिहिताना दर वेळी वाटतं की कोणीही मिस्त्री तो वाचणार नाही. सूत हा शब्द मात्र दोरा आहे, मापही आहे आणि सरळपणाही आहे. सुतार आणि सूत्रधार दोघांच्याही नावात तो आहे. दोन माणसांचं सूत जुळतं तेव्हाही आपण तोच वापरतो. मी हे मनात घोळवत होते तेवढ्यात अप्पा, हातातलं टोक न सोडता, म्हणाले, ‘‘पट्ट्याला कधी दोष देऊ नये. माझे बाबा म्हणायचे.’’

माझे आजोबा सोलापुरातल्या एका गिरणीत होते, एवढंच मला चाळीस वर्षं माहीत होतं. कोणी विचारलं की अप्पा म्हणायचे, ‘‘गिरणीत होते,’’ आणि विषय तिथे मिटायचा. चामराजपेटेत घर भाड्यानं घेताना मालकानं विचारलं तेव्हाही हेच उत्तर. त्या दिवशी गॅरेजच्या बाकावर बसून अप्पांनी उरलेलं वाक्य पूर्ण केलं. आजोबा गिरणीत पट्टे शिवायचे.

हे काम काय होतं ते आज समजावून सांगावं लागतं. सोलापूरची पहिली मोठी कापड गिरणी 1870 च्या दशकातली. त्या काळच्या गिरण्यांत प्रत्येक मागाला स्वतःची मोटर नसे. एक मोठं वाफेचं इंजिन असे. त्याची शक्ती छतालगत लांबच लांब फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांवर जाई, आणि त्या दांड्यावरच्या पुल्यांवरून चामड्याचे सपाट पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. एका खात्यात असे शेकडो पट्टे एकाच वेळी धावत. प्रत्येक यंत्रावर दोन पुल्या शेजारी शेजारी: एक दांड्याला पक्की, एक मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की यंत्र थांबे, पक्कीवर आणला की चाले. म्हणजे गिरणीचा चालू-बंद खटका चामड्याचा होता.

चामडं ताणतं. पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरं. लांबलेला पट्टा उतरवायचा, तेवढा तुकडा कापायचा, टोकं तासून एकमेकांवर बसवायची आणि चामड्याच्या वादीनं शिवायची. सांधा जाड झाला तर पुलीवरून जाताना दर फेरीला आपटतो. पातळ झाला तर उसवतो. केस असलेली गुळगुळीत बाजू पुलीकडे ठेवायची, कारण तिची पकड चांगली. कोरडा पडला तर एरंडेल. घसरत असला तर काही जण राळ टाकत, पण राळेनं आज पकड मिळते आणि उद्या चामडं करपतं. शिवलेला पट्टा फिरत्या दांड्यावर पुन्हा चढवणं हे त्यातलं सर्वांत धोक्याचं. भारताच्या 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात यंत्रांना आडोसा घालण्याचं कलम होतं, पण पट्टा चढवणाऱ्याचा हात आडोशाच्या आतच असे. आजोबांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. घरातल्या एकुलत्या एका फोटोत तो हात उपरण्याखाली आहे.

आणि दंड. पट्टा घसरला, माग थांबला, की जॉबर पट्टा शिवणाऱ्याच्या नावावर दंड मांडायचा. ‘‘वर छताला दांडा टांगलेला असायचा,’’ अप्पा सांगत होते. ‘‘वासे दबले की तो एका बाजूनं खाली यायचा. दांडा तिरका, पुली तिरकी. बाबा खालून बघून सांगायचे. पण त्या दुरुस्तीला अख्खं खातं बंद ठेवावं लागायचं. पट्टेवाल्याचे चार आणे कापणं स्वस्त होतं.’’

यात एक यांत्रिक गंमत आहे, ती मला नंतर वाचताना कळली. सपाट पट्ट्याच्या पुल्या मध्यभागी किंचित फुगीर करत. पट्टा फिरताना आपोआप जास्त घेराच्या बाजूला चढतो, त्यामुळे फुगीर पुलीवर तो घसरत घसरत पुन्हा मध्यावर येतो. थोडी चूक तो स्वतःच सांभाळून घेतो. म्हणूनच वरचा दांडा बराच बिघडेपर्यंत कोणाला दिसत नसे, आणि दिसे तेव्हा समोर फाटलेला पट्टा असे.

चामड्याच्या या कामावर कोणाला ठेवत, हा प्रश्न सोलापुरात विचारावा लागत नव्हता. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडी कमावणारा समाज शहरात पिढ्यान्‌पिढ्या होता. सरकारी कागदांत त्याचं नाव ढोर. समाज स्वतःला कक्कय्या म्हणवतो. आजोबा त्यातले. अप्पा 1960 च्या दशकात तंत्रशिक्षण घेऊन बंगळुरूला विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, तेव्हा नवं गाव, नवी भाषा आणि अर्धं उत्तर त्यांनी बरोबर आणलं होतं.

मी एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकत असताना वचनं वाचत होते. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांत एक डोहर कक्कय्या होते, कातडं कमावणारे, आणि वचनकारांत त्यांची गणना होते. त्यांची समाधी बेळगाव जिल्ह्यात कक्केरीला आहे. हे मी आमच्याच पेठेतल्या कन्नड साहित्य परिषदेच्या इमारतीत बसून वाचलं होतं, टिपणं काढली होती, परीक्षेत लिहिलं होतं. घरी येऊन अप्पांना उत्साहानं सांगितलंही होतं. ते तेव्हा ‘‘हो का?’’ एवढंच म्हणाले होते. आता वीस वर्षांनी, बाकावर, म्हणाले, ‘‘ते आपलेच.’’

पट्ट्याची पुढची गोष्ट रबराची आहे. मोटारी आल्या तेव्हा पंखा फिरवायला त्यांनीही सपाट पट्टाच घेतला. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तोच होता. 1917 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स यांनी रबर आणि धागा यांचा, कापला तर पाचरीसारखा दिसणारा पट्टा केला. तो पुलीच्या खोबणीत शिरतो आणि तळाला न टेकता दोन्ही बाजूंच्या भिंतींना घट्ट बसतो. पाचरीच्या हिशेबानं त्याची पकड तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट. पट्टा आखूड झाला, जागा कमी लागू लागली. पुढे कारखान्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली आणि छताखालचे दांडे, त्यांबरोबर वादी आणि आरी, सगळंच गेलं. आजोबांचं काम संपलं. ते चांगलं झालं की वाईट, हे मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘दंड संपला. पगारही संपला.’’

पण पाचरीच्या पट्ट्यानं एक गोष्ट गमावली. खोबणीला फुगीरपणा नसतो. तिरकी पुली तो सांभाळून घेत नाही. एका भिंतीला घासत राहतो आणि ओरडतो. चामड्याचा पट्टा चूक गिळायचा, रबरी पट्टा ती बोलून दाखवतो. आपल्याला त्याचा राग येतो तो एवढ्याचसाठी.

आता गाडीची गोष्ट. आपल्या मोटारीचा इतिहास लिहिला जातो तो मोठ्या माणसांच्या नावांनी, आणि ती नावं खरोखर मोठी आहेत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंते झाले, मुंबई इलाख्यात नोकरी केली, खडकवासल्याला आपोआप उघडणारी दारं बसवली. 1912 ते 1918 ते म्हैसूरचे दिवाण होते. 1915 मध्ये कन्नड साहित्य परिषद उभी राहिली ती त्यांच्याच कारकिर्दीत. 1935 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, ते युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि भारतात मोटार बनवण्याची योजना मांडली. ती उचलून धरली वालचंद हिराचंद यांनी. ते 1882 मध्ये सोलापूरला एका गुजराती जैन कुटुंबात जन्मले होते. 1939 मध्ये वालचंद अमेरिकेत जाऊन क्रायस्लरशी बोलणी करून आले. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होतं. दिल्लीच्या सरकारनं पाठिंबा दिला नाही आणि म्हैसूरचा मोटार कारखाना कागदावर राहिला.

त्याच प्रवासात परतताना विमानात वालचंदांची गाठ विमानव्यवसायातल्या विल्यम पॉली यांच्याशी पडली. त्यातून 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. म्हैसूर संस्थानानं जमीन आणि भांडवल दिलं. युद्ध चालू होतं, विमानं सरकारला हवी होती. 1942 मध्ये सरकारनं तिचा कारभार हातात घेतला. मोटारीसाठी वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाटशी करार. 1100 मालिकेची गाडी पन्नाशीच्या दशकात आली. इटलीत ते मॉडेल बंद झालं, इथे 1089 सीसीचं तेच इंजिन चालत राहिलं. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी.

ही सगळी माहिती मला आधीपासून होती. बाकावर बसल्यावर एकच नवीन गोष्ट लक्षात आली. आजोबांनी सोलापूरला पट्टे शिवले, वालचंदांच्या जन्मगावी. अप्पांनी पगार घेतला तो वालचंदांनी सुरू केलेल्या विमान कारखान्यात. आणि त्या पगारातून जुनी का होईना, गाडी घेतली ती वालचंदांच्याच कुर्ल्याची. तीन पुल्या आणि त्यांच्यामधून फिरणारं एक कुटुंब. पुल्यांची नावं इतिहासात आहेत. पट्ट्याचं नाव आमच्या घरातही उच्चारलं जात नव्हतं, आणि त्याचं कारण वर छतात होतं, आमच्यात नव्हतं. इतकी वर्षं आम्ही मात्र तो दंड भरत आलो होतो, गप्प राहून.

दुरुस्ती दोन तासांत झाली. मिस्त्रींनी वॉशरांची चवड काढून टाकली, ब्रॅकेटचं मोजमाप घेतलं आणि पोराला लेथवर एक कडी कातायला सांगितलं. लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा होता, हिरवा रंग उडालेला. बेळगाव भागात वाढलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानं तो कारखाना 1941 मध्ये कर्नाटकात काढला. कडी बसवून ऑल्टरनेटर दीड सूत मागे आला. दोरा पुन्हा ताणला. या वेळी चारही ठिकाणी टेकला. पट्टा अंगठ्यानं दाबून अर्धा इंच खाली जाईल एवढाच ताण ठेवला. ‘‘इससे ज़ियादा नै,’’ मिस्त्री म्हणाले. जुनाच पट्टा उलटा करून घालू का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हटलं: एका अंगानं झिजलेला पट्टा सरळ पुलीवरही नीट बसत नाही, नवा घ्या आणि आता त्याला त्याचं आयुष्य जगू द्या.

इंजिन सुरू झालं. पाणी उडवून पाहिलं. काहीच बदललं नाही, कारण बदलायला काही नव्हतं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांना याआधी आवाज येत नव्हता, आताही येत नव्हता. त्यांच्यासाठी गाडी आधीसारखीच ठणठणीत होती. पण त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. म्हणाले, ‘‘थरथर गेली.’’ म्हणजे त्यांना कळत होतं.

तपासणीत गाडी पास झाली. अर्जात मालकाचं नाव, वडिलांचं नाव असे रकाने होते. व्यवसायाचा रकाना नव्हता. अप्पांनी वडिलांच्या नावापुढे कंसात लिहिलं, ‘पट्टे शिवणारे, सोलापूर’. खिडकीतल्या कारकुनानं ते वाचलं, कन्नडमध्ये म्हणाला, ‘‘याची गरज नाही, सर,’’ आणि खोडायला पेन पुढे केलं. अप्पांना ते ऐकू आलं नाही. निदान तसं त्यांनी दाखवलं.